पातळ थराचा कस

नेरळहून आगगाडीने कर्जतच्या दिशेने निघाले, म्हणजे लगेच भिवपुरीचे नाव येते, आणि कर्जतेपासून फाटा धरला की खोपोली. खोपोलीस १९१५ साली आणि भिवपुरीस १९२२ साली टाटांची जलविद्युत्-केंद्रे सुरू झाली. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस तलावांत अडवावा, तो नळांवाटे तळाशी सोडावा आणि त्याच्या वेगाने चक्रे फिरवून मुंबईस वीज पुरवावी, अशी ती योजना होती. ज्या मुलखाने शंभर वर्षांपूर्वी पावसाची वीज करून दाखविली, त्याच मुलखात आता घरांच्या छपरांवर उन्हाची वीज करणारी काचेची पॅनेले चढू लागली आहेत. पाण्याच्या विजेस मोठी कंपनी लागते. उन्हाची वीज गृहस्थ स्वतःच्या घरी करू शकतो. तेव्हा मालाची पारख करण्याचा भारही गृहस्थाच्याच शिरावर येऊन पडतो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची घरे एकत्र कुटुंबाची आहेत. अशा घरात पॅनेल घेतले जाते ते सामाईक पैशांतून, आणि त्यासोबत येणारी हमी बहुधा पंचवीस वर्षांची असते. पंचवीस वर्षे म्हणजे एक पिढी. आजोबांनी पारखून घेतलेली वस्तू नातवाच्या संसारास पुरावयाची, आणि ती फसली तर दोष कोणास द्यावयाचा हे ठरविण्यास त्या वेळी विकणाराही जागेवर सापडेल असे नाही. कापड घेताना आपण पोत चिमटीत धरून पाहतो, तांदूळ दाताखाली घालून पाहतो, सोने सराफ कसोटीवर घासतो. काचेआड कायमच्या बंद केलेल्या सिलिकॉनचा कस कसा लावावा? सिलिकॉनच्या पातळ थराची हकीकत ह्या बाबतीत मोठी बोधप्रद आहे. ह्या पदार्थाने शास्त्रज्ञांस एकदा चांगलेच चकविले, आणि त्या चकण्यातूनच पारखीचे शास्त्र पुढे गेले. ती हकीकत आम्ही ह्या महिन्यात सांगणार आहोत.

सिलिकॉन हे वाळूत विपुल सापडणारे मूलद्रव्य होय. त्याच्या प्रत्येक अणूस चार हात आहेत असे समजावे. स्फटिकात हे अणू लग्नाच्या पंगतीप्रमाणे रांगेने बसलेले असतात आणि प्रत्येकाचे चारही हात शेजाऱ्यांच्या हातांत गुंतलेले असतात. अशा स्फटिकाचे सुमारे १५० मायक्रॉन जाडीचे, म्हणजे साधारण दोन केसांच्या जाडीचे, काप काढून नेहमीचे सौरघट करतात. पातळ थराची रीत निराळी आहे. सिलेन नावाचा वायू निर्वात केलेल्या पात्रात थोडासा सोडून त्यात वीज खेळविली, म्हणजे तो वायू फुटतो आणि त्यातील सिलिकॉन समोर ठेवलेल्या काचेवर दवासारखा बसत जातो. हा थर सुमारे ०.३ मायक्रॉनचा, म्हणजे कापाच्या पाचशेव्या हिश्शाएवढा असला तरी पुरतो. कारण दृश्य प्रकाश शोषण्याची त्याची शक्ती स्फटिकापेक्षा पुष्कळ अधिक असते. माल थोडा, उष्णता थोडी, आणि हवी तेवढी मोठी काच एका दमात सारवून निघते. काटकसरीची आवड असणाऱ्या कोणासही ही कल्पना मोहात पाडील.

परंतु स्वस्ताईचे मोल कोठेतरी द्यावेच लागते. ह्या थरात अणू पंगतीने बसत नाहीत. जत्रेतील माणसांप्रमाणे जागा मिळेल तेथे बसतात. म्हणून ह्यास अस्फटिकी सिलिकॉन म्हणतात. गर्दीत कित्येक अणूंचा एखादा हात मोकळाच राहतो. हा मोकळा हात म्हणजेच थराचा मुख्य दोष. प्रकाशाने सुटा केलेला इलेक्ट्रॉन वाटेत त्यास सापडला की तेथेच अडकतो आणि आपली वीज तेवढ्याने कमी होते. येथे हायड्रोजन मदतीस येतो. सिलेन वायूत हायड्रोजन असतोच, आणि त्यास एकच हात असतो. तो जाऊन सिलिकॉनचा मोकळा हात धरतो आणि दोष झाकला जातो. चांगल्या थरात दर शंभर अणूंमागे सुमारे दहा हायड्रोजनचे असतात.

हे सारे एका दिवसात कळले नाही. १९६९ साली इंग्लंडात चिटिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलेनपासून असे थर बनविल्याचे प्रसिद्ध केले. १९७५ साली स्कॉटलंडातील डंडी येथे स्पिअर व लेकोम्बर ह्यांनी ह्या थरात दुसऱ्या मूलद्रव्यांची अल्पशी भेसळ करून त्याचे विद्युत्-गुण हवे तसे वळविता येतात हे दाखविले. १९७६ साली अमेरिकेत आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्लसन व व्रॉन्स्की ह्यांनी त्याचा पहिला सौरघट जाहीर केला. त्यावर पडणाऱ्या उन्हापैकी अवघा २.४ टक्के भाग विजेत उतरत होता. तथापि सुरुवात झाली होती. पुढे खिशातल्या गणकयंत्रांवर जी तपकिरी काचेची पट्टी आपण सर्वांनी पाहिली, ती ह्याच थराची.

आता कस कसा लावतात ते पाहू. पहिली परीक्षा उजेड-अंधाराची. काचेवर थर बसवून त्याच्या दोन टोकांस विद्युद्दाब द्यावयाचा आणि प्रवाह अंधारात किती व उजेडात किती हे मोजावयाचे. उत्तम थरात उजेडातला प्रवाह अंधारातल्यापेक्षा लाख पट किंवा त्याहून अधिक भरतो. ही परीक्षा सोपी आहे, आणि म्हणूनच फसवीही आहे. पात्रात थोडासा प्राणवायू राहून तो थरात शिरला, तर उजेडातला प्रवाह वाढून थर आहे त्याहून चांगला भासतो. शिवाय ही परीक्षा मुख्यतः इलेक्ट्रॉनांच्या चालीची असते; सौरघटास इलेक्ट्रॉनाबरोबर त्याने मागे सोडलेली रिकामी जागाही चालती लागते, आणि तिची चाल फार मंद असते. एका पायावर जलद उड्या मारणारा मनुष्य चालण्यासही धड असेलच असे नाही.

दुसरी परीक्षा हायड्रोजनच्या बैठकीची. थरातून अवरक्त किरण सोडले, म्हणजे सिलिकॉन व हायड्रोजन ह्यांची जोडी विशिष्ट किरण गिळते. हायड्रोजन एकेकटा नीट बसला असेल तर दर सेंटिमीटरास २००० ह्या तरंगसंख्येपाशी शोषण दिसते. एकाच सिलिकॉनवर दोन-दोन बसले असतील, किंवा थरातील पोकळ्यांच्या भिंतींना चिकटले असतील, तर ते २१०० च्या आसपास दिसते. ह्या दुसऱ्या प्रकारचा हिस्सा एकूणाच्या दशांशाहून कमी असावा, असा संकेत आहे. तो वाढला की थर आतून पोकळ आहे असे समजावे. भिंत वरून सारवलेली असली तरी आतून भुसभुशीत असू शकते, त्यातलाच हा प्रकार.

तिसरी परीक्षा आम्हांस सर्वांत मार्मिक वाटते. चांगल्या कागदावर शाईची रेघ काठाशी स्वच्छ उठते. हलक्या कागदावर ती फुटून पसरते. थराच्या प्रकाश-शोषणासही असाच एक काठ असतो. एका मर्यादेपर्यंतचा प्रकाश तो शोषतो आणि तिच्यापलीकडचा तांबडा व अवरक्त प्रकाश आरपार सोडतो. अणूंची मांडणी जितकी वेडीवाकडी, तितका हा काठ फुटलेला. त्याच्या पसरटपणास उर्बाख ऊर्जा म्हणतात, आणि ती ५० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत राहिली तर थर चांगला. काठाच्याही पलीकडे जे किंचित शोषण उरते, ते मोकळ्या हातांचे. ते इतके थोडे असते, की अर्ध्या मायक्रॉनच्या थरात सरळ मोजू म्हटले तर हाती लागत नाही. त्यावर अशी युक्ती काढली, की निरनिराळ्या रंगांचा प्रकाश पाळीपाळीने टाकावा आणि प्रत्येक रंगाचा प्रकाश इतका कमीअधिक करावा, की थरातला प्रवाह सर्वकाळ सारखाच राहील. मग कोणत्या रंगाचा किती प्रकाश लागला, ह्यावरून शोषणाचा हिशेब निघतो. ह्या हिशेबाने चांगल्या थरात सुमारे एक कोटी अणूंमागे एक मोकळा हात भरतो. कोटीत एक दोष शोधून काढणारी ही नजर!

चौथी गोष्ट पाकशास्त्राशी जुळणारी आहे. सिलेनमध्ये हायड्रोजन अधिकाधिक मिसळत गेले, तर थरात बारीक स्फटिक धरू लागतात. त्यास सूक्ष्मस्फटिकी सिलिकॉन म्हणतात. अनुभव असा, की अस्फटिकी थर सर्वांत टिकाऊ निघतो तो स्फटिक धरण्याच्या ऐन उंबरठ्यावर. साखरेचा पाक कधी उतरावयाचा हे घरातील वडील स्त्रिया बोटांत तार ओढून ओळखतात. क्षणभर उशीर झाला की पाकात साखर धरते. येथे बोटाच्या जागी रमण ह्यांनी शोधलेला परिणाम येतो. थरावर एका रंगाचा प्रकाश टाकून विखुरलेल्या प्रकाशातील बदल पाहिला, की स्फटिकाची खूण ५२० पाशी टोकदार उठते आणि अस्फटिकाची ४८० पाशी पसरट. दोन्ही खुणांचे प्रमाण पाहून पाक किती झाला हे सांगता येते. आपल्या देशात १९२८ साली लागलेला शोध जगभरच्या प्रयोगशाळांत असा रोजच्या वापरात आहे, हे वाचकांस कळले तर संतोषच होईल.

ह्या कामात पुण्याचाही वाटा आहे. पुणे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले पदार्थविज्ञानवेत्ते वि. ग. भिडे हे सौरऊर्जेचे मोठे पुरस्कर्ते होते. भिडे, राजीव दुसाने, क्षीरसागर प्रभृतींचा एक निबंध १९९३ साली 'अप्लाइड फिजिक्स लेटर्स' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वायूत वीज खेळविण्याऐवजी निर्वात पात्रात एक तार अतिशय तापवून तिच्या स्पर्शाने सिलेन फोडावयाचा, अशी ही तप्त तारेची पद्धत. तिने कमी तापमानाच्या काचेवरही सूक्ष्मस्फटिकी थर बसविता येतात असे त्यांनी दाखविले. पुढे दुसाने ह्यांनी मुंबईस पवईच्या आयआयटीत हे काम चालविले. वीज खेळविण्याच्या रीतीत वेगवान आयन थरावर आदळून त्यास इजा होण्याचा संभव असतो. तप्त तारेत तो नाही. मालाचा कस करणीतच कसा ठरतो, ह्याचे हे उदाहरण.

आता त्या चकण्याकडे येऊ. १९७७ साली स्टेब्लर व व्रॉन्स्की ह्यांच्या ध्यानात असे आले, की उत्तम उतरलेला थर काही तास प्रखर प्रकाशात ठेवला, तर त्याची प्रवाह वाहण्याची शक्ती उजेडात व अंधारात दोन्हीकडे घटते. ज्या पदार्थाने ऊन खाऊन वीज द्यावयाची, त्यालाच ऊन बाधते! कोटीत एक असलेला मोकळा हात ह्यानंतर पाच लाखांत एक इतका वाढू शकतो. प्रकाशाने सुटलेले कण पुन्हा एकत्र येतात तेव्हा जी ऊर्जा बाहेर पडते, ती कच्चे दुवे तोडते असे बहुतेकांचे मत आहे. सूक्ष्म कारणाविषयी मात्र आजही वाद आहे. ह्याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की तोच थर अंधारात सुमारे १५० अंश सेल्सियसपर्यंत तापविला, तर तो पूर्ववत् होतो. प्रकाश इजा करतो आणि उष्णता ती भरून काढते. म्हणूनच अशा पॅनेलांची शक्ती उन्हाळ्यात थोडी सावरते व थंडीत पुन्हा उतरते, असा अनुभव अनेक ठिकाणी आला आहे.

ह्या शोधाने पारखीची सारी रीतच बदलली. कारखान्यातून निघाल्या दिवशी घट किती वीज देतो, ह्या आकड्यास पातळ थराच्या बाबतीत फारसा अर्थ उरला नाही. घट सुमारे हजार तास भर उन्हाइतक्या प्रकाशात ठेवावा, त्याची घसरण थांबू द्यावी आणि मग उरलेली शक्ती मोजावी, असा दंडक पडला. ही घसरण बहुधा १० ते ३० टक्क्यांपर्यंत होते. जाड थर प्रकाश अधिक शोषतो खरा, परंतु त्यात मोकळ्या हातांच्या वाढीचा फटकाही अधिक बसतो. म्हणून थर पातळ ठेवून दोन-तीन घट एकावर एक रचण्याची तोड निघाली. इतके करूनही एकेरी अस्फटिकी घटाची स्थिरावलेली शक्ती दहा टक्क्यांच्या आसपासच राहिली. इकडे स्फटिकी सिलिकॉन दरवर्षी स्वस्त होत गेला, आणि छपरांवरून व शेतांतून पातळ सिलिकॉनची पॅनेले मागे हटली. आज नेरळ-कर्जतच्या बाजारात गृहस्थास जे पॅनेल मिळेल, ते बहुधा स्फटिकीच असेल.

तर मग एवढा खटाटोप वाया गेला काय? मुळीच नाही. जपानातील सान्यो कंपनीने स्फटिकाच्या कापावर दोन्ही बाजूंनी अस्फटिकी सिलिकॉनचे अवघ्या काही नॅनोमीटरचे लेप देऊन एक मिश्र घट बनविला आणि १९९७ साली तो बाजारात आणला. कापाच्या पृष्ठभागावरचे अणू म्हणजे पंगतीच्या टोकास बसलेले. त्यांचे हात मोकळेच राहावयाचे. हायड्रोजनयुक्त लेप ते धरून ठेवतो. ह्याच जातीच्या घटाने २०२२ साली चीनच्या लाँगी कंपनीच्या हातून २६.८१ टक्क्यांचा उच्चांक गाठला. स्वतंत्र संसार न जमलेला पातळ थर मोठ्याच्या आश्रयास येऊन घर सांभाळू लागला म्हणावयाचा. त्याचा कस लावण्याच्या वर सांगितलेल्या युक्त्याही त्याच्याबरोबर आल्या. पोकळ्या किती आणि हायड्रोजन कसा बसला आहे, हे आजही अवरक्त किरणांनीच पाहतात.

गृहस्थास ह्यातून घ्यावयाचे ते असे. प्रयोगशाळेतील परीक्षा आपल्या हाती नाहीत. परंतु त्या परीक्षांमागची बुद्धी आपल्या हाती आहे. पॅनेलावर लिहिलेला वॉटचा आकडा प्रत्येक चौरस मीटरवर १००० वॉट ऊन आणि घटाचे तापमान २५ अंश, अशा ठरीव स्थितीतला असतो. वैशाखात नेरळच्या पत्र्यावरील पॅनेल साठ अंशांपर्यंत सहज तापते, आणि दर अंशामागे स्फटिकी पॅनेलाची शक्ती साधारण ०.३ ते ०.४ टक्के उतरते. तेव्हा भर दुपारी लिहिल्याइतकी वीज न मिळणे ही लबाडी नव्हे. उलट नव्या कोऱ्या पॅनेलाचा पहिल्याच महिन्याचा झकास आकडा हा चांगुलपणाचा पुरावाही नव्हे. स्फटिकी पॅनेलांतही पहिल्या उन्हाने थोडी घट येते. म्हणून हमीपत्रात पहिल्या वर्षाची घट किती धरली आहे, पुढे दरसाल किती, आणि पंचविसाव्या वर्षी किती शक्ती उरेल असे लिहून दिले आहे, ह्या तीन गोष्टी वाचल्याखेरीज पैसे मोजू नयेत. स्फटिकी पॅनेलास आयएस १४२८६ हे भारतीय मानक लागू असते. ती खूण कागदावर व पॅनेलाच्या पाठीवर दोन्हीकडे पाहावी.

दुसरी गोष्ट बसविणाराची. पवईच्या आयआयटीत २०१० साली सौरविजेचे राष्ट्रीय संशोधन-शिक्षण केंद्र स्थापन झाले. त्या केंद्राने २०१३ पासून देशभर हिंडून पॅनेलांची पाहणी केली. उष्ण प्रदेशांत पॅनेले लवकर झिजतात, आणि मोठ्या केंद्रांपेक्षा लहान, छपरावरच्या मांडणीत घसरण अधिक दिसते, असे तिच्यात आढळले. मोठा ग्राहक माल तपासून घेतो. घरगुती ग्राहक आलेला माल वर चढवितो. चढविताना पॅनेलावर पाय पडला, ते आपटले, तर आतील कापास केसासारखी भेग जाते व ती डोळ्यांस दिसत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या मांडणीस ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरले, आणि घरोघर पॅनेले बसविण्याची घाई उडाली. साहाय्य घ्यावे, घाई घेऊ नये.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी व बिनखर्चाची. घरात एक वही घालावी आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मीटरवरील आकडा तीत टिपावा. नेरळास आषाढाची तुलना चैत्राशी करून काही कळावयाचे नाही. माथेरानच्या अंगावर ढग उतरले की पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही. तुलना करावयाची ती यंदाच्या चैत्राची गेल्या चैत्राशी. काच धुतलेली असून आणि झाडाची नवी सावली पडत नसून एकाच महिन्याचा आकडा सालोसाल हमीपेक्षा अधिक उतरत असेल, तर ती वही घेऊन विकणाराकडे जावे. तोंडी तक्रारीपेक्षा पाच वर्षांच्या नोंदींचे वजन अधिक पडते. हे काम घरातील शाळकरी मुलामुलींकडे सोपवावे. मोजावयाचे कसे, आणि पहिल्या आकड्याने हुरळून न जाता वाट पाहावयाची कशी, हे त्यांस पुस्तकापेक्षा ह्या वहीतून अधिक चांगले कळेल. आणि हमीची पंचवीस वर्षे संपतील तेव्हा ती वही त्यांच्याच हाती असणार आहे.

दिवसा केलेली ही वीज रात्रीसाठी साठवावी की सरकारी तारांत सोडावी, हा प्रश्न ह्यापुढचा. त्याचा विचार आम्ही पुढील अंकी करू.